लाकूड कोणते, सूर कुणाचा?

१३ नोव्हेंबर १९८५ची गोष्ट. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलजवळ राहणारे बिल मन्रो हे चौऱ्याहत्तर वर्षांचे वादक घरी परतले, तेव्हा दिवाणखान्यात त्यांना लाकडाच्या चिपा विखुरलेल्या दिसल्या. कुणीतरी घरात शिरले होते. शेकोटीतले निखारे सारण्याची लोखंडी सळई घेऊन त्याने मन्रोंची दोन मेंडोलिने ठेचून काढली होती. चोरीला काही गेले नव्हते. त्यातले एक वाद्य १९२३ सालचे. याच वाद्यावर मन्रोंनी 'ब्लूग्रास' या नावाने ओळखली जाणारी एक अख्खी संगीतशैली उभी केली होती. चाळीस वर्षांपूर्वी मायामीच्या एका न्हाव्याच्या दुकानात ते त्यांना दिसले आणि दीडशे डॉलर देऊन त्यांनी ते उचलले, असे सांगतात.

चिपा गोळा करून गिब्सन कंपनीकडे पाठवण्यात आल्या. वाद्य जन्मले तेही याच कंपनीच्या कारखान्यात. तिथे चार्ली डेरिंग्टन या कारागिराने तो ढीग पुढ्यात घेतला. आता प्रश्न असा की, हे लाकूड पुन्हा डिंकाने जोडले तर आवाज तोच येईल का? आणि तो 'तोच' आवाज होता तरी कुठे? लाकडात, की ज्याने ते कोरले त्याच्या हातात, की मन्रोंच्या मनगटात?

मेंडोलिन आपल्याला परके नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटगीतांमधला तो थरथरता, पाण्यावर खडे पडावेत तसा आवाज ऐकला नाही असा मराठी माणूस विरळाच. संगीतकार सज्जाद हुसेन तर या परदेशी वाद्यावर रागसंगीत वाजवीत, आणि पडद्यांच्या वाद्यावर मींड कशी निघते हे पाहून जाणकार तोंडात बोट घालीत. या वाद्याला तारा आठ, पण जोड्या चार, मिळवणी व्हायोलिनसारखी. तार आखूड आणि ताणलेली असल्यामुळे स्वर छेडला की चटकन विरतो. म्हणूनच वादक नखी भराभर वर-खाली फिरवून तो लांबवतो. स्वराचे आयुष्यच इतके थोडे, तेव्हा त्यातला कणही वाया जाऊ नये याची काळजी लाकडाला घ्यावी लागते. लाकडाची निवड इथे इतकी महत्त्वाची का, याचे मूळ कारण हे.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवलेल्या पातळ लाकडी झाकणाला 'तबली' म्हणतात. मेंडोलिनच्या पुढच्या पाटीलाही आपण तोच शब्द वापरू, कारण काम तेच. तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली खोलीतल्या हवेला. म्हणजे तबली हलकी हवी, नाहीतर तारेचा सगळा जोर तिला हलवण्यातच संपेल. आणि ती ताठही हवी, कारण आठ तारांचा मिळून ताण ऐंशी किलोच्या आसपास जातो. पाटी मऊ असेल तर काही वर्षांत खचेल. हलके आणि ताठ हे दोन गुण एका लाकडात सहसा नांदत नाहीत. सागवान ताठ, पण जड. सावरीचे लाकूड हलके, पण लेचेपेचे. थंड प्रदेशातल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडात मात्र दोन्ही सापडतात. हिमालयात त्याच्याच कुळातले 'राई' नावाचे झाड आहे. स्प्रूसच्या उभ्या रेषेत ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या जवळजवळ पंधरापट. आडव्या दिशेने मात्र हेच लाकूड कितीतरी मऊ असते. म्हणून ओंडका कलिंगडाच्या फोडींसारखा मध्यापासून चिरतात, फोड उभी दुभागतात आणि पुस्तक उघडावे तसे दोन भाग शेजारी ठेवून जोडतात. तबलीवर ज्या बारीक समांतर रेषा दिसतात, ती झाडाची वर्षे. डोंगरावर, थंडीत, गर्दीत वाढलेले झाड हळू वाढते, त्याच्या रेषा दाट असतात. कारागीर ते पसंत करतात. पण केवळ रेषा मोजून लाकूड घेणारा माणूस अजून शिकाऊ समजावा. जाणता माणूस पाटी दोन बोटांत अलगद धरतो, टिचकी मारतो आणि कान देतो. काही पाट्या भांड्यासारख्या ठणकतात, काही पुठ्ठ्यासारख्या थपकन गप्प होतात.

स्प्रूसमध्येही जाती आहेतच. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतला लाल स्प्रूस जोराने वाजवले तरी फाटत नाही, उलट खुलतो, अशी त्याची ख्याती. पश्चिम किनाऱ्यावरचा सिटका जरा शांत, भरवशाचा. एंगेलमन हलक्या हाताला चटकन साद देतो. देवदाराच्या जवळचे वाटणारे तांबूस 'रेड सीडर' लाकूड वापरले तर आवाज उबदार, जरा झाकलेला येतो. ही वर्णने वाचताना मला चहाच्या किंवा आंब्याच्या पारख्यांची आठवण होते. त्यांत तथ्य असते, आणि थोडी हौसही असते.

नेपल्सच्या जुन्या मेंडोलिनची पाठ तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी गोल असे. लाकडाच्या अरुंद पट्ट्या वाकवून ती जोडीत. मिशिगनमधल्या कॅलॅमझू गावच्या ऑर्विल गिब्सनला हे पटेना. वाकवलेल्या लाकडात ताण राहतो आणि ताणलेले लाकूड मोकळेपणी कंप पावत नाही, असे त्याचे म्हणणे. १८९८ साली त्याने पेटंट घेतले ते या मताच्या जोरावर. व्हायोलिनप्रमाणे तबली आणि पाठ जाड फळीतून कोरून काढायची, आणि कडाही न वाकवता सबंध लाकडातून कापायच्या. त्याचे सगळेच विचार टिकले नाहीत. कडा पुढे सगळ्यांनी वाकवल्याच. पण कोरलेली कमानदार तबली राहिली. १९१९ साली गिब्सन कंपनीत लॉइड लोअर हा स्वतः मेंडोलिन वाजवणारा, ध्वनिशास्त्राचा वेडा माणूस आला. १९२२ साली त्याच्या देखरेखीखाली 'एफ-५' हे मेंडोलिन निघाले. त्याला व्हायोलिनसारखी इंग्रजी 'एफ'च्या आकाराची छिद्रे, आत दोन लांब पट्ट्या, स्प्रूसची तबली आणि मेपलची पाठ. तबली मध्यभागी चार-पाच मिलिमीटर, कडेला तीनच्या आसपास. आणि हे माप ठोकून, ऐकून, पुन्हा खरवडून ठरायचे. १९२४च्या अखेरीस लोअरने नोकरी सोडली, तोवर मेंडोलिनची हौस अमेरिकेत ओसरली होती. त्याच्या सहीची वाद्ये तेव्हा धड खपलीही नाहीत. आज त्यांची किंमत घराच्या किमतीत मोजतात.

आता पाठीकडे वळू. खरा वाद इथे आहे. मेपल घट्ट आणि चमकदार. त्याच्या पाठीचे वाद्य स्वच्छ, कोरडे, टणटणीत बोलते, दहा जणांच्या गोंगाटातही ऐकू येते, असे म्हणतात. महोगनी घेतली तर आवाज मऊ. शिसव, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला काळपट जड शिसव, घेतला तर आवाजामागे एक गुंजन राहते. दुकानात शिरलात तर हे सगळे तुम्हाला पाठ केल्यासारखे सांगतील, आणि लाकडाप्रमाणे किंमत चढत जाईल.

मीही असाच एकदा भुललो. महाविद्यालयात असताना मुंबईत एक जुने मेंडोलिन घेतले. विकणाऱ्याने 'अस्सल विलायती मेपल' अशी ग्वाही दिली होती. पंधरा वर्षे मी त्या मेपलच्या कोरड्या, स्वच्छ आवाजाचे मित्रांपुढे कौतुक केले. पुढे पाठ उकलली म्हणून एका वृद्ध कारागिराकडे घेऊन गेलो. त्यांनी कड किंचित उचलून आत पाहिले आणि माझ्यापुढे धरले. प्लायवूड. वर मेपलच्या रेषांचा कागदासारखा पातळ पापुद्रा. मी ओशाळलो. ते म्हणाले, ''साहेब, तबली बरी आहे. वाजतंय ना? मग वाजवा.'' त्यांनी घोडीचा तळ तबलीच्या कमानीला नीट बसेल असा घासून दिला, तारा बदलल्या, आणि वाद्य पूर्वीपेक्षा दुप्पट बोलू लागले. पंधरा वर्षे मी काय ऐकत होतो, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पण असे फसणारा मी एकटा नाही. गिब्सनच्याच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या साध्या मेंडोलिनांत, कॅटलॉगात मेपल लिहिलेले असताना, पाठ बर्चची असल्याचे दुरुस्ती करणाऱ्यांना पुष्कळदा आढळले. वाजवणाऱ्यांनी तक्रार केली नव्हती. गिटारच्या बाबतीत तर रीतसर परीक्षाच झाली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी करवून घेतल्या. घडण सारखी, तबली सारखी; पाठ आणि कडा मात्र सहा निरनिराळ्या लाकडांच्या, त्यांत महागडा ब्राझिलियन शिसव होता आणि स्वस्तातले लाकूडही. मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून बावन्न गिटारवादकांना त्या वाजवायला दिल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण पडले, आणि एकीपासून दुसरी ओळखणे वादकांना जेमतेमच जमले. त्याही आधी, १८६२ साली, स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या थोर गिटारकाराने पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या केल्या, तबली मात्र उत्तम स्प्रूसची घातली. जणू त्याला एवढेच दाखवायचे होते.

मग मेपल-शिसवाची सगळी कथा थोतांड म्हणायची? मला तसे वाटत नाही. ती गिटार सपाट पाठीची. एफ-५ची पाठ कोरलेली, कमानदार, वाद्याच्या कंपनात अधिक भाग घेणारी. एकीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही. शिवाय दोन मेपलच्या फळ्यांत जो फरक असतो तो कधी कधी मेपल आणि महोगनीतल्या फरकाहून मोठा असतो, आणि चांगला कारागीर तो फरक रंध्याने भरून काढतो. जड फळी आली की तो ती जरा पातळ करतो, मऊ आली की जाड ठेवतो. म्हणजे लाकूड सूर ठरवते हे खरे, पण ते कारागिराला प्रश्न घालून ठरवते. तबलीपुरता मात्र मी परंपरेच्या बाजूने आहे. तिथे वाईट लाकडाला कुणाचाही हात तारू शकत नाही.

तबलीही नको, असे दाखवून देणारा एक माणूस आपल्याकडेच झाला. आंध्रातल्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास भरीव लाकडाचे, पाच तारांचे विजेवरचे मेंडोलिन घेऊन कर्नाटक संगीताच्या सभेत बसले, तेव्हा जुन्या रसिकांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यात पोकळ पेटी नव्हती; तारांचे कंपन चुंबक टिपत होते. २०१४ साली ते अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, तोवर त्या आठ्या केव्हाच पुसल्या गेल्या होत्या.

लाकडाच्या या हट्टाची किंमत जंगले मोजतात. अमेरिकेतला लाल स्प्रूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इतका तोडला गेला की, मोठ्या गिटार कंपन्यांना सिटकाकडे वळावे लागले. इटलीतल्या फिएम्मे खोऱ्यात, जिथून स्त्रादिवारीचे लाकूड आले असे मानतात, तिथले स्प्रूस ऑक्टोबर २०१८च्या 'वाया' वादळात काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले. आपल्या शिसवाची कथा तर थेट कोर्टकचेरीची. २०११ साली अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. संशय होता तो भारतातून आलेल्या शिसव आणि आबनूसाच्या पट्ट्यांवर. त्याआधी मादागास्करच्या आबनूसावरून २००९मध्येही छापा पडला होता. पुढच्या वर्षी तीन लाख डॉलर दंड भरून कंपनीने प्रकरण मिटवले. २०१७पासून शिसवाच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले. वादक आपली जुनी गिटार घेऊन विमानात बसायलाही घाबरू लागले. शेवटी २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. बावन्न वादकांना डोळे झाकल्यावर जे लाकूड धड ओळखता आले नाही, त्याच्यासाठी हे सगळे.

राहता राहिले मन्रोंचे मेंडोलिन. डेरिंग्टन भिंग घेऊन बसला. चिपांच्या ढिगात दोन वाद्ये मिसळलेली होती. रेषेला रेष, वळणाला वळण जुळवीत, त्याने काही महिने तबली पुन्हा उभी केली. नवे लाकूड घालणे कितीतरी सोपे गेले असते. फेब्रुवारी १९८६मध्ये वाद्य मन्रोंच्या हाती परत आले. हे गृहस्थ समाधान मानणाऱ्यांतले नव्हते. पन्नासच्या दशकात याच कंपनीने दुरुस्तीत दिरंगाई केली म्हणून त्यांनी वाद्याच्या माथ्यावरचे 'गिब्सन' हे नाव चाकूने खरवडून काढले होते आणि जवळजवळ तीस वर्षे तो ओरखडा तसाच मिरवला होता. या खेपेला त्यांनी वाद्य घेतले, तारा छेडल्या आणि वाजवू लागले. १९९६ साली निधन होईपर्यंत ते त्यांच्याजवळ होते. आज ते नॅशव्हिलच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेले आहे.