परदेशगमनापूर्वीं देशभक्तीचें शिबिर

आमच्या पुतण्याच्या मुलास परदेशीं शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला, त्या प्रीत्यर्थ गेल्या पंधरवड्यांत घरीं सत्यनारायण झाला. प्रसाद घेतां घेतां एका वृद्ध स्नेह्यांनीं असा अभिप्राय दिला कीं, अशा मुलांस विमानांत बसविण्यापूर्वीं आठ दिवस देशभक्तीच्या शिबिरांत सक्तीनें धाडावें. म्हणजे तीं तिकडेच रमणार नाहींत. मंडळींनीं माना डोलावल्या. हा प्रयोग मलेशियांत पुष्कळ वर्षें होऊन गेला आहे, हें तेथें कोणासच ठाऊक नसावें; म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

मलेशियांत मलय, चिनी व भारतीय (बहुतांशीं तमिळ) वंशाचे लोक एकत्र नांदतात. १३ मे १९६९ रोजीं क्वालालंपुरांत मलय व चिनी लोकांमध्यें भीषण दंगल उसळली. पुढल्याच वर्षीं, ३१ ऑगस्ट १९७० रोजीं, ‘रुकुन नेगारा’ या नांवानें पांच राष्ट्रीय तत्त्वें जाहीर करण्यांत आलीं. ईश्वरावर श्रद्धा, राजा व देश यांच्याशीं निष्ठा, राज्यघटनेचें श्रेष्ठत्व, कायद्याचें राज्य आणि सौजन्य व सदाचार, हीं तीं होत. यांतील ‘नेगारा’ म्हणजे आपला ‘नगर’च, समुद्रापलीकडे जाऊन त्याचा अर्थ ‘राष्ट्र’ असा विस्तारला. आमच्यासारख्या संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यास असे शब्द भेटले कीं नातलग भेटल्यासारखें वाटतें.

या तत्त्वांस कोण नांवें ठेवील? पण तीं शिकविण्याची रीत पाहा. १९७४ सालीं युवक खात्यांत एक लहानशी शाखा निघाली. ती १९८१ सालीं पंतप्रधानांच्या खात्याकडे गेली व ‘बिरो ताता नेगारा’ हें नांव पावली. सरकारी नोकर, सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थी आणि सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशीं जाणारीं मुलें यांस तिच्या शिबिरास जाणें भाग असे. गांवापासून दूर चार-पांच दिवसांचा मुक्काम, पहाटे उठून कवाईत, दिवसा व्याख्यानें, मग लहान गट पाडून चर्चा, असा क्रम असे.

उद्देश मनें जोडण्याचा. पण तेथें मलय वंशाचें वर्चस्व शिकवितात, चिनी व भारतीयांस आगंतुक लेखतात आणि सत्तारूढ पक्षाची भलामण करितात, असे आरोप वर्षानुवर्षें होत राहिले. तेथील कारभारांत मलय व इतर मूळ रहिवाशांस ‘भूमिपुत्र’ म्हणतात. हाही शब्द आपलाच. परंतु ज्याच्या आजानें त्याच भूमींत रबराच्या मळ्यांत हाडें झिजविलीं, त्या तमिळ मुलास तो ऐकून काय वाटत असेल? तेथें जन्मून त्याला पाहुणा म्हणावयाचें, आणि वर निष्ठेची शपथ मागावयाची! २००९ सालीं सेलांगोर राज्याच्या सरकारनें आपल्या नोकरांस व आपल्या संस्थांतील विद्यार्थ्यांस या शिबिरांस जाण्याची मनाई केली. अखेर ऑगस्ट २०१८ मध्यें मंत्रिमंडळानें ही संस्थाच बंद करण्याचें ठरविलें. पंतप्रधान होते त्र्याण्णव वर्षांचे डॉ. महाथिर मोहम्मद. १९८१ पासूनच्या त्यांच्याच बावीस वर्षांच्या पहिल्या कारकीर्दींत हीं शिबिरें सुखेनैव चाललीं होतीं!

आमच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांस कोणीं शिबिरांत घातलें नव्हतें. श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरसभेंत उभ्या राहून त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, मी हिंदु म्हणूनच जाईन व हिंदु म्हणूनच राहीन. तेव्हां त्यांस अवघें अठरावें वर्ष चालू होतें.

मलेशियास हंसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं. पस्तीस वर्षें आम्हीं रोज सकाळीं शाळेच्या पटांगणांत मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. आमचें लक्ष असे तें रांग सरळ आहे कीं नाहीं, याकडे.

परवां नातू बॅग भरीत होता. मेतकुटाची पुडी हातीं देतां देतां आम्हीं सहज विचारलें, “काय रे, प्रतिज्ञेंत ‘पाईक’ असा शब्द येतो, त्याचा अर्थ काय?”

तो क्षणभर थांबला व हंसून म्हणाला, “आजोबा, दहा वर्षें रोज म्हटला, पण वर्गांत कोणीं कधीं सांगितलाच नाहीं.”

त्या शाळेंत मराठीचा तास आमच्याकडेच होता.