साताऱ्यात एक दिवस, मसूरला एक तास

सातारा आम्हा मिरजकरांना काही लांब नाही. सकाळच्या पॅसेंजरने निघाले की दुपारच्या आत माणूस पोचतो. तरीही आमच्या वस्तीतून निघालेल्या सतरा जणांपैकी चौघांनीच सातारा पूर्वी पाहिला होता, आणि त्यातल्या दोघांनी तर फक्त एस.टी. स्टॅण्ड! आपण चैत्यभूमीला जातो, दीक्षाभूमीला जातो, कर्ज काढून जातो. पण ज्या गावात बाबासाहेबांचे बालपण गेले ते गाव आपल्या उशापाशी असून पाहायचे राहून जाते. तेव्हा एका रविवारी निघायचे ठरले. रविवार का, तर सगळ्यांना सुट्टी त्याच दिवशी. हा आमचा गाढवपणा पुढे नडलाच.

गाडीत बारा मोठी माणसे, पाच पोरे, भाकऱ्यांची दोन गाठोडी. किर्लोस्करवाडी गेली, कराड गेले. मसूरला गाडी थांबली तेव्हा आमच्यातले सर्वांत वडील, मार्केट यार्डातून निवृत्त झालेले हमाल आबा, उठून खिडकीशी गेले. “पोरांनो, हे स्टेशन नीट बघून ठेवा. येताना सांगतो,” एवढेच म्हणाले.

साताऱ्याचे आजचे स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे. तिथून रिक्षा करून आधी सदर बझारात गेलो, माता भीमाबाईंच्या समाधीपाशी. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीला राहिले आणि मग नोकरीसाठी साताऱ्याला आले. इथेच १८९६ साली भीमाबाई गेल्या. धाकटा भिवा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. पुढे घर सांभाळले ते मुलांच्या आत्याने, मीराबाईंनी. त्या शरीराने अधू होत्या, पण भिवावर त्यांचा फार जीव होता.

पुरुषमंडळी पाया पडून, फोटो काढून बाहेर आली. बायका मात्र हलेनात. आमच्यातली एक बाई आपल्या मेलेल्या भावजयीची दोन पोरे गेली सहा वर्षे वाढवते आहे. दोन्ही पोरे बरोबरच होती. ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, “आत्याचं नाव कुणी घेत नाही बघा.” यावर कोण काय बोलणार? शेवटी धाकट्यानेच तिचा हात धरून तिला उठवले.

तिथून राजवाडा. वर अजिंक्यतारा, खाली बाजाराची गर्दी. जुने गव्हर्नमेंट हायस्कूल, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल, इथलेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. हाच दिवस २०१७ पासून राज्यातल्या शाळांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्यातल्या चौथीतल्या मुलीने त्या दिवशी शाळेत भाषण केले होते. तो क्रमांक तिला पाठ होता आणि रजिस्टर बघायचेच म्हणून ती आली होती. पण रविवारची शाळा कोण उघडणार? बाहेरूनच पाहिले. मुलगी रडकुंडीला आली.

तिला समजावताना मी सांगितले की साताऱ्यातल्या शाळेत बाबासाहेबांना वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा, आणि तो संध्याकाळी घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. ती म्हणाली, “घरी का न्यायचा? वर्गातच ठेवायचा ना.” शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावीत नसे, हे सांगितल्यावर ती गप्प झाली. पाण्याचेही तसेच. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान मारून बसायचे. न्हावी केस कापीत नसत, म्हणून बहीणच भावांचे केस कापी.

गांधी मैदानावर पिठले-भाकरी खाल्ली, कंदी पेढे घेतले आणि परतीची गाडी धरली. आता आबांनी विषय काढला, “मसूरला उतरायचं.” लगेच वाद. दोघांना पहाटेची शिफ्ट होती. ते म्हणाले, रात्र होईल, पोरे बरोबर आहेत. आबा म्हणाले, “ती पण पोरंच होती.” शिफ्टवाले पुढे गेले, आम्ही पंधरा जण उतरलो.

फलाटावर आबांनी १९०१ सालची हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. (इंग्रजी पुस्तकात कोरेगाव छापलेले दिसते, पण कोरेगावला आज स्वतःचे स्टेशन आहे. मसूरला उतरून कोरेगावला कोण जाईल?) सुट्टीत मुलांना बोलावणे आले. भिवा, थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून चौघे मसूरला उतरले. न्यायला कोणी नाही, कारण पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने विचारपूस केली. जात कळताच तो मागे सरला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही गाडी पोरांनी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. डबा होता, पण वाटेत पिण्याजोगे पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही मिळाले नाही. चौघे उपाशीच झोपले आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोचले.

आबा थांबले तेव्हा सूर्य मावळत होता. चौथीतली ती मुलगी उठली, सगळ्यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि फलाटावरच्या नळावर भरून आणल्या. पाणी कोमट होते. उरलेल्या भाकऱ्या आम्ही तिथेच बसून खाल्ल्या.

पुढे वडापने कराड, तिथून एस.टी. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. शिफ्टवाले दोघे तोवर झोपले होते. पण सकाळी कामावर जाण्याआधी त्यातल्या एकाने आबांचे दार वाजवून विचारले, “मसूरहून गोरेगावला आता गाडी जाते का हो?” मे महिन्यात जायचे घाटते आहे. साताऱ्याची शाळाही परत करायची, पण शाळा चालू असताना, आणि आधी पत्र पाठवून.