ब्रह्मावर्तीचा बाजीराव

मळवली स्थानकावर उतरून भाज्याच्या वाटेस लागलेला प्रवासी बहुधा लेण्यांच्या ओढीने आलेला असतो, आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ते भव्य चैत्यगृह, त्याचे आतल्या बाजूस किंचित कललेले स्तंभ व सूर्यलेण्यातील शिल्पे पाहून झाली, की तो परतीच्या गाडीचा विचार करू लागतो. परंतु ज्या डोंगराच्या कुशीत ही लेणी कोरली आहेत, त्याच्याच माथ्यावर विसापूरचा लांबलचक तट पसरला आहे, आणि गायमुख खिंडीच्या पलीकडे विंचूकाट्याची सोंड पुढे करून लोहगड उभा आहे. बोरघाटाने देशावर चढणाऱ्या कोणाही शत्रूस या जोडकिल्ल्यांची पर्वा केल्यावाचून पुण्याकडे पाऊल टाकणे कठीण, अशी यांची जागा. असे असता ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांचा कर्नल प्रॉथर तोफखाना व हजार-बाराशे लोकांनिशी येथे आला, तेव्हा विसापूर त्याच दिवशी हाती आला आणि लोहगडाची शिबंदी दुसऱ्या दिवशी गड मोकळा सोडून निघून गेली. पुढे दहा दिवसांत कोरीगडही शरण गेला. मात्र तेथे लढणारांनी काही दिवस तोफांचा मारा सोसला व दारूकोठार उडाल्यावरच निशाण खाली घेतले.

लोहगडासारखा गड न झुंजता का पडला, या प्रश्नाचे उत्तर तटबंदीत किंवा तोफांत शोधण्यात हशील नाही. गडाचा धनी त्या वेळी गडापासून शेकडो कोसांवर रानोमाळ फिरत होता, आणि धनी व गड यांच्यामधील विश्वासाचा धागा त्यापूर्वी पंधरा वर्षे तुटलेला होता. तो धनी म्हणजे दुसरा बाजीराव. त्याच्या कारकिर्दीविषयी मराठी माणसाने फार लिहिले आहे व बहुतेक संतापाने लिहिले आहे. त्या संतापास कारणेही भरपूर आहेत. पण हा पुरुष गादीवर साडेएकवीस वर्षे होता, आणि गादी गेल्यावर गंगातीरी निर्वासित होऊन साडेबत्तीस वर्षे जगला. आयुष्याच्या या मोठ्या भागाकडे आपले इतिहासप्रेमी वाचक पाठ फिरवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण राज्यावर असताना जो मनुष्य कोणावर विश्वास टाकू शकला नाही व ज्याच्यावर कोणी टाकला नाही, त्याचेच दुसरे रूप या बत्तीस वर्षांत दिसते.

त्याचा जन्मच परागंदा अवस्थेत झाला. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, त्याचे पाप बाजीरावाचा बाप रघुनाथराव याच्या माथी आले, पुण्याच्या बारभाई कारभाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध कारस्थान उभारले आणि रघुनाथराव फौजा घेऊन मुलुखामुलुखांतून पळू लागला. त्या धामधुमीत त्याची गरोदर पत्नी आनंदीबाई हिला धारच्या किल्ल्यात ठेवावे लागले आणि तेथे १० जानेवारी १७७५ रोजी बाजीराव जन्मला. सालबाईच्या तहानंतर बाप कोपरगावी येऊन राहिला व १७८३ च्या अखेरीस वारला. पुढे हे कुटुंब नाशिकजवळ आनंदवल्लीस नजरकैदेत राहिले, आणि मुलगा वयात येऊ लागला तशी चौकी अधिकाधिक कडक होऊन अखेर त्यास जुन्नरास हलविण्यात आले. ज्या वयात मुलाने दरबार, सैन्य व मुलकी कारभार पाहावा, त्या वयात याने पहारेकरी पाहिले. आपल्याभोवतीचा प्रत्येक गृहस्थ कोणाचा तरी हेर आहे, हा समज त्याच्या मनात याच काळात रुजला असावा, असे मला वाटते.

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव पेशवे वारले आणि पेशवाईची वस्त्रे कोणास द्यावी याचा घोळ सुरू झाला. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांना बाजीराव नको होता. परशुरामभाऊ पटवर्धन व शिंद्यांचे कारभारी यांनी बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीआपा यास गादीवर बसविले. नानांना महाडास पळावे लागले. आणि अखेर डिसेंबर १७९६ मध्ये नानांच्याच खटपटीने बाजीराव पेशवा झाला. वर्षभरात त्याच नानांना दगा देऊन कैद करण्यात आले. सर्जेराव घाटग्याने पुण्यातील सावकारांस धरून त्यांचे हाल करीत पैसा वसूल केला, विठोजी होळकरास १८०१ मध्ये हत्तीच्या पायी देण्यात आले, आणि त्याचा सूड घेण्यास त्याचा भाऊ यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला. २५ ऑक्टोबर १८०२ च्या हडपसरच्या लढाईनंतर बाजीराव कोकणात उतरून इंग्रजी गलबताने वसईस गेला व वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांची तैनाती फौज पत्करून स्वतंत्र राज्य संपवून बसला.

येथे पुन्हा लोहगडाकडे वळले पाहिजे. नानांचा या गडावर फार जीव होता. त्यांनी येथे बांधकामे केली, सोळकोनी तलाव बांधला आणि आपल्या विश्वासातील धोंडोपंत निजसुरे यांस किल्लेदार नेमले. १८०० च्या मार्चात नाना गेले. त्यांच्या पश्चात त्यांची तरुण विधवा जिऊबाई हिने पेशव्यांच्या भीतीने लोहगडाचा आसरा घेतला, आणि धोंडोपंत गड धन्याच्या स्वाधीन करीनात. बाजीराव इंग्रजी संगिनींच्या आधाराने पुण्यास परत आल्यावर हा पेच सुटला तो असा, की जनरल वेलस्लीने जिऊबाईच्या सुरक्षिततेची हमी दिली, तेव्हा धोंडोपंतांनी गड खाली करून ठाण्यास जाण्याचे कबूल केले व जिऊबाई इंग्रजांच्या छत्राखाली पनवेलीस सालीना बारा हजार रुपयांच्या नेमणुकीवर राहू लागली. मराठी राज्याचा मुख्य प्रधान व त्याचा स्वतःचा किल्लेदार यांच्यामध्ये जामीन म्हणून परदेशचा सेनापती उभा राहावा लागला! पेशवाई १८१८ मध्ये बुडाली हे आपण पाठ करतो. परंतु ज्या दिवशी लोहगडाच्या दरवाज्यात हा करार झाला, त्या दिवशी ती आतून मोडली होती, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. जो किल्लेदार धन्याला भितो, त्याच्याकडून शत्रूशी झुंजण्याची अपेक्षा कोणी करावी?

त्यानंतरच्या घटना सर्वश्रुत आहेत: गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरास झालेला खून, त्रिंबकजी डेंगळ्यांचे प्रकरण, जून १८१७ चा मानहानीकारक पुण्याचा तह, ५ नोव्हेंबरची खडकीची लढाई, कोरेगाव, आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीस बापू गोखल्यांचे रणात पडणे. बापूंच्या मृत्यूनंतर बाजीरावाजवळ सेनापती उरला नाही, व छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे राज्याचे नावही उरले नाही. त्याची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होती. तो गड १० मे रोजी पडला. शेवटी जूनच्या आरंभी असीरगडाजवळ सर जॉन माल्कमच्या छावणीत बाजीराव रुजू झाला. दक्षिणेत पुन्हा पाऊल न टाकणे, राज्यावरील हक्क सोडणे व उत्तर हिंदुस्थानात जाऊन राहणे या शर्ती त्याने पत्करल्या. मोबदल्यात सालीना आठ लाखांची नेमणूक ठरली. या वाटाघाटीत आपल्यासाठी ज्यांनी सर्वस्व घालविले, त्या जहागीरदार व आश्रितांचा विचार व्हावा, तसेच आपल्या घराण्याने पोसलेले ब्राह्मण व देवस्थाने उघडी पडू नयेत, हा आग्रह त्याने धरला आणि माल्कमने तो मान्य केला. पुढे वाटेत त्याच्याच अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी त्याला कोंडून धरले, तेव्हा त्यातून सोडविण्यासही माल्कमच पुढे आला.

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला आठ लाखांचा आकडा फाजील वाटला होता. ज्याला तो दिला तो मनुष्य तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता व शहात्तर वर्षे जगला. ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिन्यातून या एका शर्तीपायी अडीच कोटींहून अधिक रुपये बाहेर पडले.

त्याच काळात युरोपातही पदच्युत राजे देशोधडीस लागलेले होते. स्वीडनचा चौथा गुस्ताव अडोल्फ १८०९ मध्ये आपल्याच सरदारांनी गादीवरून काढला. त्याने मायदेशाकडून मिळणारी नेमणूक नाकारली, पत्नीपासून फारकत घेतली, कर्नल गुस्ताफसन असे साधे नाव धारण केले, आणि गावोगाव भटकत १८३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन येथे एकाकी मरण पावला. त्याचा मानीपणा पाहून कोणाचेही मस्तक नमेल. बाजीरावाने नेमणूक घेतली याची लाज वाटणाऱ्यांनी मात्र एवढे ध्यानात धरावे, की स्वीडनच्या राजाला एकट्याचे पोट होते, तर बाजीरावामागून निघालेल्या माणसांची गणना हजारांत होती.

कानपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर गंगाकाठी बिठूर हे तीर्थ आहे. ब्रह्मदेवाने येथे यज्ञ केला या श्रद्धेमुळे त्यास ब्रह्मावर्त म्हणतात. बाजीरावाने राहण्यास ही जागा निवडली. त्याच्यावर देखरेखीसाठी कंपनीने कमिशनर ठेवला, आणि त्या जागी आलेल्या जॉन लो याने बराच काळ हे काम पाहिले. सारी वस्ती लवकरच एका मराठी गावाची झाली. पुण्याचे भिक्षुक, कारकून, आचारी, शागीर्द, कीर्तनकार, वैदिक यांची घरे घाटांच्या आसपास उभी राहिली. गणेशोत्सव, श्रावणमासची दक्षिणा, अनुष्ठाने व ब्राह्मणभोजने पुण्याच्या रिवाजाने होऊ लागली. आणि गंगेच्या पाण्यावर मराठी स्त्रियांचे बोलणे ऐकू येऊ लागले. राज्यावर असताना याच बाजीरावाने कित्येक जुन्या सरदारांच्या सरंजामांवर जप्ती आणली होती. येथे त्याच्याकडे देण्यास सरंजाम नव्हता, सत्ता नव्हती, परत जाण्याची आशा नव्हती, आणि तरीही माणसे राहिली. ती केवळ पोटासाठी राहिली असे म्हणणारे म्हणोत. पोट भरण्यास ग्वाल्हेर व इंदूर येथील दरबार मोकळे होते.

या गोतावळ्यात पुढील इतिहास घडविणारी मंडळी वाढत होती. येवल्याच्या पांडुरंगपंतांचा मुलगा रामचंद्र, ज्याला जग तात्या टोपे म्हणून ओळखते, तो याच आश्रितांपैकी. चिमाजीआपा काशीस राहत होते; त्यांच्या पदरचे मोरोपंत तांबे पुढे ब्रह्मावर्तास आले आणि त्यांची मुलगी मणिकर्णिका काही काळ येथे वावरली, ती झाशीची लक्ष्मीबाई. बाजीरावास पुत्र होऊन जगला नाही, म्हणून त्याने १८२७ मध्ये माधवराव नारायण भट यांचा मुलगा दत्तक घेतला. हे भट कर्जतजवळच्या वेणगावचे. मावळातून बोरघाटाने खाली उतरले की हे गाव लांब नाही. म्हणजे भाज्याच्या डोंगरावरून ज्या कोकणपट्टीकडे नजर जाते, तेथल्याच एका गरीब घराचा मुलगा गंगातीरी पेशव्यांचा वारस झाला. तेच धोंडोपंत, ऊर्फ नानासाहेब. १८३९ च्या मृत्युपत्रात बाजीरावाने गादी, दौलत व सर्व हक्क त्यांच्या नावे लिहून ठेवले.

कंपनीशी केलेला करार त्याने अक्षरशः पाळला. गुप्त कारस्थानांच्या कंड्या अनेकदा उठल्या; पण अफगाण युद्धाच्या वेळी कंपनीची तिजोरी आटली, तेव्हा याच निर्वासिताने पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. काहींना हा स्वाभिमानाचा लोप वाटेल. मला त्यात एका भित्र्या मुलाने म्हातारपणी शिकलेला शब्दनिष्ठेचा धडा दिसतो, आणि तो धडा त्याने आपल्या तारुण्यात, नानांच्या व धोंडोपंत निजसुऱ्यांच्या बाबतीत शिकला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

२८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला. नेमणूक बाजीरावाच्या हयातीपुरतीच होती, असे सांगून ती बंद करण्यात आली. लॉर्ड डलहौसीने नानासाहेबांचा अर्ज मान्य केला नाही. नानासाहेबांनी कंपनीच्या विलायतेतील डायरेक्टरांकडे दाद मागितली व अजिमुल्लाखान यांस वकील म्हणून लंडनला पाठविले. दत्तक हा शास्त्राने खरा पुत्र असताना, आणि आठ लाख रुपये राज्य सोडल्याचा मोबदला असताना, बापाच्या मृत्यूने तो कसा संपतो, हा त्यांचा युक्तिवाद मला आजही निरुत्तर करणारा वाटतो. लंडनचा निर्णयही नकाराचाच आला. बाजीरावाच्या विधवा, कारकून, पुराणिक, शागीर्द या सर्वांचा भार आता मृताच्या संचितावर पडला, आणि इंग्रजांच्या शब्दाविषयीचा विश्वास ब्रह्मावर्तात नाहीसा झाला.

सहा वर्षांनी, जून १८५७ मध्ये, कानपूरच्या बंडाचे नेतृत्व नानासाहेबांकडे आले. जुलैत हॅवलॉकच्या फौजेने कानपूर घेतले व लगोलग बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फाशी दिले. नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले. आणि बाजीरावाच्या घरात नातू म्हणून वाढलेले पांडुरंगराव, ज्यांना रावसाहेब म्हणत, त्यांना पकडून आणून १८६२ च्या ऑगस्टात कानपुरास फाशी देण्यात आले.