जळगाव–मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

नकाशावर मुंबई विमानतळापासून जळगाव विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती गिरणाकाठच्या भडगावच्या जवळून जाते. रेषेची लांबी सुमारे ३५५ किलोमीटर, म्हणजेच १९२ सागरी मैल भरते. परंतु भडगावच्या रहिवाशास जळगावहून मुंबईचे विमान गाठावयाचे असेल, तर त्यास प्रथम मुंबईकडे पाठ करून साठएक किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो. हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवास यांतील तफावत समजण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

लोहमार्गाने जळगाव मुंबईपासून ४२० किलोमीटर आहे. रूळ घाट आणि वळणे सांभाळीत जातात. विमानास तो अडथळा नसतो. तथापि विमानही रेषेवरून तंतोतंत उडत नाही. नियंत्रण कक्षाने दिलेला मार्ग आणि धावपट्टीची दिशा यांमुळे काही किलोमीटर वाढतातच.

या मार्गासाठी वापरली जाणारी पंख्याची, सुमारे सत्तर आसनांची विमाने ताशी जवळपास ५०० किलोमीटर वेगाने जातात. या हिशेबाने ३५५ किलोमीटरला त्रेचाळीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक वेळ असतो. कारण तेथील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे आणि मुंबईच्या गर्दीत आकाशात घिरट्या घालीत थांबणे हे सर्व त्यात येते. वाऱ्याचाही वाटा असतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर सत्तेचाळीस मिनिटे, पाठीमागून आला तर एकोणचाळीस मिनिटे, असे गणित पडते.

कुसुंबा येथील जळगाव विमानतळाची धावपट्टी १,७०० मीटर लांबीची आहे. खानदेशातील उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उड्डाणास अधिक लांब धाव घ्यावी लागते. आखूड धावपट्टीवर अशा वेळी प्रसंगी प्रवासी वा सामान कमी करावे लागते. या विमानतळावरून मुंबईची सेवा उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, पुढे खंडित झाली आणि २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीमार्फत पुन्हा सुरू झाली. तेव्हा बेत आखण्यापूर्वी चालू वेळापत्रक पाहणे इष्ट.

आता भडगावहून मंत्रालयात कामासाठी निघालेल्या पंचायत सदस्याचा हिशेब मांडू. जळगावपर्यंत दीड तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचा तास-सव्वा तास, उड्डाण सव्वा तास आणि सामान घेऊन मंत्रालय गाठण्यास किमान दीड तास; एकूण साडेपाच तास. उलट चाळीसगाव गाठण्यास एक तास, जलद गाडीने मुंबईस पाच ते साडेपाच तास आणि स्थानकापासून मंत्रालय अर्ध्या तासाच्या आत. बचत केवळ तास-दीड तासाची होते आणि रात्रीच्या गाडीने गेल्यास दिवसाचा वेळ मुळीच खर्ची पडत नाही. जळगाव वा भुसावळच्या प्रवाशास लाभ निश्चितच अधिक आहे. भडगावकरांचा लाभ मात्र उड्डाणाच्या मिनिटांपेक्षा भडगाव–जळगाव रस्त्यावर किती वेळ जातो, यावर अधिक अवलंबून राहतो.