चौथ्या पोर्टाची सनद

उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून सुरतेस येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती लिंबायत आणि डिंडोली यांच्याप्रमाणेच गोडादरा भागातही आहे. तिथल्याच एका भरतकामाच्या कारखान्यात, जुन्या संगणकाला आणखी दोन सिरियल पोर्ट बसविण्याचे काम मी जवळ बसून पाहिले. कारागिरांना दोरा वजनावर द्यायचा आणि उरलेला वजनावरच परत घ्यायचा, ही तेथील वहिवाट. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक काटा हा त्या कारखान्याचा खरा कारकून. पहिल्या पोर्टावर माउस व दुसऱ्यावर दोऱ्याचा काटा होता. आता तयार मालाचा दुसरा काटा आणि लेबले छापणारे यंत्र यांचीही सोय हवी होती.

झाकण काढताच आत दोऱ्याच्या तंतूंचा राखाडी थर दिसला. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने तो ब्रशने झाडला, हाताची स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या पत्र्याला स्पर्श केला, आणि आयसा पद्धतीच्या लांब काळ्या स्लॉटात दोन पोर्टांचे जुने कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसविले. पेचकसाचे काम तेवढ्यात आटोपले.

"अण्णा, पोर्ट टाकणं सोपं हो," तो मालकांना म्हणाला, "त्याला नंबर देणं हेच काम."

या नंबरात दोन गोष्टी येतात, पत्ता आणि वर्दी. १९८१ साली आयबीएमने काढलेल्या पहिल्या वैयक्तिक संगणकाच्या धर्तीवर पुढे जी रूढी पडली, तीत पहिल्या पोर्टाचा पत्ता ३एफ८, दुसऱ्याचा २एफ८, तिसऱ्याचा ३ई८ आणि चौथ्याचा २ई८ ठरला. बायोसच्या दफ्तरातही चार पोर्टांचे पत्ते नोंदविण्यापुरती जागा राखलेली आहे. परंतु "माझ्याकडे अक्षर आले आहे, ते उचला" अशी वर्दी मुख्य प्रक्रियकाला देण्यासाठी या चौघांच्या वाट्याला रेषा दोनच आल्या: पहिल्या व तिसऱ्याला चार क्रमांकाची, दुसऱ्या व चौथ्याला तीन क्रमांकाची. एखाद्या कचेरीत चार कारकुनांना चार मेजे द्यावीत आणि साहेबांच्या घंटेचे दोर मात्र दोनच ठेवावेत, असा हा कारभार. दोघांनी एकाच क्षणी दोर न ओढण्याच्या भरवशावर तो चालतो.

आयसा पद्धतीत तो भरवसा फारच कच्चा ठरतो. तेथे रेषा खालून वर चढते त्या क्षणाचीच नोंद घेतली जाते. एका कार्डाने ती आधीच वर धरली असेल, तर दुसऱ्याच्या वर्दीला चढायला जागाच उरत नाही. शिवाय दोन कार्डे एकाच तारेला परस्परविरुद्ध ओढू लागतात, ते निराळेच. नंतरच्या पीसीआय पद्धतीत रेषा वाटून घेण्याची रीतसर मुभा असल्याने हा तंटा पुष्कळसा मिटला. पण या कारखान्यातील संगणक विंडोज ९८ चालविणारा आणि कार्ड आयसाचे, म्हणून तंटा कायम होता. त्याचा प्रत्ययही लगेच आला: तिसऱ्या पोर्टाला नवा काटा जोडला, आकडे पडद्यावर उमटू लागले, आणि माउस हलविताच ते जागच्या जागी थिजले.

तरुण मुळीच गडबडला नाही. कार्ड पुन्हा बाहेर काढून त्याने पट्टीवर कोरलेली बारीक अक्षरे भिंगाने वाचली व जंपरची चिमुकली टोपी चिमट्याने उचलून पाच क्रमांकाच्या खुंटांवर बसविली. पाचवी रेषा दुसऱ्या प्रिंटर-पोर्टासाठी किंवा ध्वनीकार्डासाठी राखलेली असते. येथे दोन्ही नव्हती. चौथ्या पोर्टाला त्याने सातवी दिली: ती पहिल्या प्रिंटर-पोर्टाच्या नावावर असते खरी, पण विंडोजचे साधे छपाईचे काम सहसा तिच्यावाचून भागते. इथे मला त्याचे कौतुक वाटले. कागदोपत्री व्यापलेली आणि प्रत्यक्षात रिकामी जागा हेरण्याची ही दृष्टी पुस्तकातून सहजी येत नाही. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन त्याने या दोन्ही रेषा जुन्या आयसा कार्डांसाठी राखून ठेवल्या, अन्यथा पीसीआयचे एखादे कार्ड त्या परस्पर बळकावते. डिस्प्ले कार्ड कोणते, हेही तो मघाच विचारून बसला होता. कारण काही जातींची डिस्प्ले कार्डे २ई८ शी मिळतेजुळते पत्ते वापरतात, आणि जुने सिरियल कार्ड पत्त्याचे शेवटचे दहाच अंश वाचत असल्याने ती हाक आपल्यालाच आली असे समजते.

काट्याच्या तारेत तीनच धागे कामाचे होते: नऊ खुंटांच्या जोडणीत दुसरा घेण्याचा, तिसरा देण्याचा, पाचवा जमिनीचा. काटा ९६०० च्या वेगाने बोलतो, म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदात एक अक्षर. कार्डावरची चिप १६५५० जातीची असल्याने सोळा अक्षरे साठेपर्यंत तिला दम धरता येतो, जुन्या ८२५० ला मात्र पुढचे अक्षर येण्यापूर्वी मागचे उचलावेच लागे.

"यूएसबीचं का नाही लावत?" मालकांनी विचारले.

"तुमचा हिशेबाचा प्रोग्राम थेट पत्त्यावर जाऊन वाचतो, अण्णा. यूएसबीच्या पोर्टाला तो पत्ताच नसतो."

मग त्याने चारही पोर्टांचे पत्ते व रेषा एका कागदावर लिहिल्या, तो झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविला आणि मजुरीचा आकडा सांगितला. मालकांनी रिवाजाप्रमाणे घासाघीस सुरू केली.