नाशिक परिसरातील वाइन पर्यटन

नाशिक परिसरातील वाइन पर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षमळे व वाइनरी यांना भेट देणे, तेथे वाइननिर्मितीची प्रक्रिया पाहणे, वाइन चाखणे आणि त्या परिसरातील खाद्यपदार्थांचा व निवासाचा अनुभव घेणे होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पर्यटनाची सुरुवात झाली. गोदावरीकाठचे तीर्थक्षेत्र, कुंभमेळ्याचे स्थान आणि खाण्याच्या द्राक्षांचा जिल्हा अशी नाशिकची जुनी ओळख आहे. देशातील वाइन उद्योगाचे प्रमुख केंद्र ही ओळख तिच्यात अलीकडे मिसळली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

इतिहास

महाराष्ट्रातील आधुनिक वाइननिर्मितीचा आरंभ नाशिकमध्ये नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. तेथे शॅम्पेन इंडेज या कंपनीने १९८०च्या दशकात फेसाळ वाइन तयार केली. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी अमेरिकेतील नोकरी सोडून कुटुंबाच्या जमिनीवर वाइनची द्राक्षे लावली व १९९९ साली सुला व्हिनयार्ड्स ही कंपनी स्थापन केली. ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतलेले आहे. कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यानुसार वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि निफाड तालुक्यातील विंचूर येथे ‘गोदावरी वाइन पार्क’, तर सांगली जिल्ह्यातील पलूस येथे ‘कृष्णा वाइन पार्क’ उभारण्यात आले. सुलाने २००५ साली आपल्या वाइनरीत पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याचे दालन उघडले. अशा दालनाला आता सर्वत्र ‘टेस्टिंग रूम’ असेच म्हणतात. द्राक्षमळ्यात भरणारा ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव २००८ साली सुरू झाला; कोविडच्या साथीनंतर त्यात खंड पडला व २०२५ साली तो पुन्हा भरला.

हवामान व भेटीचा हंगाम

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा स्वच्छ ऊन व रात्री कडाक्याची थंडी असते. रात्रीच्या थंडीमुळे द्राक्षातील आम्लता टिकून राहते, आणि वाइनच्या चवीसाठी साखरेइतकीच आम्लताही महत्त्वाची असते.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते व तोडणी शरद ऋतूत होते. उष्ण कटिबंधात वेल अशी विश्रांती घेत नाही, म्हणून येथे तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास होणारी ‘खरड छाटणी’ नव्या काड्या तयार करण्यासाठी असते, तर पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केली जाणारी ‘फळछाटणी’ घड येण्यासाठी असते. परिणामी तोडणी जानेवारी ते मार्च या काळात येते. फेसाळ व पांढऱ्या वाइनची द्राक्षे आधी, तर शिराझ, काबर्ने सोव्हिन्यो यांसारखी काळी द्राक्षे नंतर तोडतात.

प्रत्यक्ष निर्मिती पाहायची असल्यास हाच काळ योग्य ठरतो. वेलीवर घड असतात, द्राक्षांच्या गाड्या येत असतात व टाक्यांमध्ये किण्वन चालू असते. या काळात अनेक ठिकाणी पायांनी द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रम ठेवतात. मात्र तो केवळ करमणुकीसाठी असून प्रत्यक्ष वाइनसाठी द्राक्षे यंत्रानेच चिरडली जातात. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो, धरणे भरलेली असतात. पण वेलीवर फळ नसते.

प्रमुख ठिकाणे

गंगापूर परिसर: नाशिक शहराच्या पश्चिमेस, गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या जलाशयाभोवती, शहरापासून सर्वांत जवळच्या वाइनरी आहेत. सुलाची मूळ वाइनरी येथेच असून तेथे मार्गदर्शकासह फेरी, वाइन चाखण्याचे दालन, उपाहारगृहे व निवासाची सोय आहे. जवळच असलेली यॉर्क वाइनरी एका स्थानिक कुटुंबाने सुरू केली होती. २०२१ साली ती सुलाने विकत घेतली. जलाशयाकडे उघडणारा तिचा सज्जा सूर्यास्ताच्या वेळी गजबजलेला असतो. सोमा व्हाइन व्हिलेज हे निवासाची सोय असलेले ठिकाणही याच भागात आहे. एका दिवसात परतणाऱ्या प्रवाशास हा परिसर सोयीचा पडतो.

सांजेगाव (इगतपुरी तालुका): मुंबईहून येताना नाशिकच्या अलीकडे हा भाग लागतो. ग्रोव्हर झाम्पा ही कंपनी बंगळूरजवळील ग्रोव्हर व सांजेगाव येथील व्हॅली द व्हँ यांच्या २०१२ साली झालेल्या एकत्रीकरणातून निर्माण झाली. मुकणे धरणाच्या जलाशयाजवळील व्हॅलोने ही तुलनेने लहान वाइनरी आहे. येथे गर्दी कमी असते.

दिंडोरी व निफाड तालुके: जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा मोठा भाग येथे आहे. फ्रान्समधील मोएत हेनेसी समूहाने ‘शांदों’ ही फेसाळ वाइन भारतात २०१३ साली आणली. तिची वाइनरी दिंडोरी तालुक्यात आहे. विंचूरचे वाइन पार्क निफाड तालुक्यात येते. या भागातील काही वाइनरी केवळ उत्पादनासाठी असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक ठरते.

नाशिक मुंबईपासून सुमारे १७० व पुण्यापासून सुमारे २१० किलोमीटर अंतरावर आहे. शनिवार-रविवारी गंगापूर परिसरात मोठी गर्दी होते. शांतपणे माहिती घ्यायची असल्यास मधल्या वारी जाणे इष्ट.

वाइन चाखण्याची पद्धत

टेस्टिंग रूममध्ये सामान्यतः चार ते सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या प्रमाणात दिल्या जातात. क्रम ठरलेला असतो: प्रथम फेसाळ, नंतर पांढरी, गुलाबी, लाल व शेवटी गोड वाइन. जड चवीनंतर हलकी चव कळत नाही, हे या क्रमामागील कारण आहे.

प्रथम पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका धरून रंग पाहतात. पेला हलकेच गोल फिरवल्यावर वाइनचा हवेशी संपर्क वाढतो व गंध मोकळा होतो. त्यानंतर लहान घोट तोंडात घोळवून आम्लता, गोडी, तुरटपणा व मागे राहणारी चव यांचा अंदाज घेतात. तुरटपणा मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो. लाल वाइन सालीसह आंबवली जाते आणि पांढऱ्या वाइनसाठी आधीच रस वेगळा काढतात, त्यामुळे लाल वाइन अधिक तुरट लागते. चाखलेला घोट गिळलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी ठेवलेल्या भांड्यात तो थुंकणे हा शिष्टाचाराचा भंग मानला जात नाही. परीक्षक तसेच करतात.

नाशिकमध्ये शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ व काबर्ने सोव्हिन्यो या जातींची वाइन प्रामुख्याने चाखावयास मिळते. यांपैकी शेनिन ब्लाँ बहुधा किंचित गोडसर केली जाते व नवख्यांना ती लवकर रुचते.

खाद्यपदार्थ

वाइनरींच्या उपाहारगृहांत इटालियन व उत्तर भारतीय पदार्थ अधिक आढळतात; नाशिकची स्वतःची खाद्यपरंपरा शहरात व रस्त्यालगतच्या मळ्यांत भेटते. सकाळची मिसळ हे तिचे ठळक उदाहरण. मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, शेव, कांदा, लिंबू, पाव व सोबत पापड असे तिचे स्वरूप असते. गंगापूर रस्त्याच्या बाजूस मळ्यात बसून मिसळ खाण्याची अनेक ठिकाणे आहेत. कोंडाजी चिवडा व बुधा हलवाईंची जिलेबी हे शहराचे प्रसिद्ध पदार्थ असून परतीच्या प्रवासात द्राक्षे व बेदाणे घेण्याची प्रथा आहे.

तिखट पदार्थांबरोबर तुरट लाल वाइन घेतल्यास तिखटपणा अधिक जाणवतो. किंचित गोड व थंड पांढरी वाइन तो सौम्य करते. खारट, कुरकुरीत पदार्थांबरोबर फेसाळ वाइन जुळते. शिराझ भाजलेल्या मसाल्याच्या मटणाबरोबर घेतात, मात्र त्या वेळी मिरचीचे प्रमाण कमी असावे.

कायदा व सुरक्षितता

महाराष्ट्रात मद्यपान १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत येते. वाइनसाठी किमान वय २१ वर्षे, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. म्हणून वयाचा पुरावा सोबत ठेवावा लागतो. गांधी जयंतीस व मतदानाच्या काळात ‘कोरडा दिवस’ पाळला जातो आणि त्या दिवशी वाइन मिळत नाही.

वाइनमध्ये साधारणतः १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल जाते. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनेक वाइनरी शहराबाहेर असून सार्वजनिक वाहने तुरळक आहेत. म्हणून न पिणारा चालक, भाड्याची गाडी किंवा तेथेच मुक्काम यांची सोय आधी करणे आवश्यक असते.

शेतकरी व अर्थकारण

वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून लहान, जाड सालीची व बियांची असतात. ती बाजारात फळ म्हणून विकली जात नाहीत. त्यामुळे शेतकरी ती बहुधा वाइनरीशी करार करून लावतो. करार पाळला गेला तर बाजारातील चढउतारांपासून संरक्षण मिळते. मोडला तर त्या मालाला दुसरा ग्राहक शोधणे कठीण जाते. २००८-०९च्या मंदीत वाइनची मागणी घटली, काही वाइनरींनी माल उचलला नाही आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या वेली उपटून टाकल्या. यांशिवाय अवकाळी पाऊस, गारपीट, केवडा व भुरी हे रोग यांचा धोका दरवर्षी असतोच. पर्यटनामुळे वाइनरींना थेट विक्रीचे उत्पन्न मिळते आणि आसपासच्या गावांतील तरुणांना स्वागतकक्ष, स्वयंपाकघर व मार्गदर्शन अशा कामांत रोजगार मिळतो.

सामाजिक मतमतांतरे

वाइनला प्रोत्साहन द्यावे की नाही, याविषयी महाराष्ट्रात एकमत नाही. राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वाइन हे शेतमालावरील प्रक्रियेतून तयार होणारे उत्पादन असून तिच्या विक्रीमुळे द्राक्ष उत्पादकांस लाभ होईल, असे समर्थकांचे म्हणणे होते. अण्णा हजारे यांच्यासह विरोधकांनी ही व्यसनाला दिलेली मोकळीक असल्याचे सांगून उपोषणाचा इशारा दिला. निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही. मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदात म्हटले आहे, तर दुसरीकडे शासनाचेच धोरण वाइन उद्योगास सवलती देते. शेतीचे हित आणि सार्वजनिक आरोग्य यांतील हा ताण नाशिकच्या वाइन पर्यटनाच्या मुळाशी आजही कायम आहे.