ड्राय आयचं औषध खरंच काम करतं, हे ठरवतात कसं?

मोबाईल बघताना आपल्या पापण्या कमी मिटतात. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा होणारी उघडझाप स्क्रीनसमोर निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. पापणी मिटली की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरतो. तो वेळेवर पसरला नाही तर सुकतो, आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायला लागतं. आमच्या टीममध्ये बऱ्याच टेबलांवर थेंबांची बाटली दिसते, आणि ग्रुपवर सल्ला ठरलेला: "फिश ऑइलच्या कॅप्सूल घे, मला फरक पडला."

फरक पडला असेलही. पण कॅप्सूलमुळेच पडला का?

अमेरिकेत 'ड्रीम' नावाच्या क्लिनिकल ट्रायलने नेमकं हेच तपासलं. निकाल २०१८ मध्ये आला. २७ केंद्रांवरचे ५३५ पेशंट, एक वर्ष. काहींना रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना ऑलिव्ह ऑइलच्या कॅप्सूल. कोणाला काय द्यायचं हे रँडम पद्धतीने ठरलं, आणि ते पेशंटलाही माहीत नव्हतं, तपासणाऱ्यालाही नाही. ॲपमध्ये आपण काही युजर्सना नवीन बटण दाखवतो, काहींना जुनं, तोच प्रकार. त्रास मोजायला १२ प्रश्नांची ओएसडीआय नावाची प्रश्नावली होती. गुण ० ते १००, जितके जास्त तितका त्रास जास्त.

ओमेगा-३ वाल्यांचा स्कोअर सरासरी १३.९ ने उतरला. भारी ना? ऑलिव्ह ऑइलवाल्यांचा १२.५ ने उतरला. म्हणजे बरं दोघांनाही वाटलं, आणि मधला फरक इतका किरकोळ की तो योगायोगानेही पडू शकतो. दुसरा गट नसता तर 'फिश ऑइल हिट' अशीच बातमी झाली असती. (ऑलिव्ह ऑइल तरी पूर्ण निरुपद्रवी कुठे, असा आक्षेप काहींनी घेतला. तो मुद्दा चुकीचा नाही, पण त्याने फिश ऑइलची बाजू सिद्ध होत नाही.)

दोन्ही गट का सुधारतात? ड्राय आयचा त्रास कमी-जास्त होत असतो. माणूस ट्रायलला येतो तो बहुतेकदा त्रास टोकाला गेल्यावर, आणि तिथून काहीच न करताही थोडं बरं वाटण्याची शक्यता जास्त. सर्व्हर रडत असताना कोणीतरी कॅश क्लिअर करतो, दहा मिनिटांनी ट्रॅफिक आपोआप ओसरतं, आणि श्रेय कॅशला. तसंच आहे हे.

थेंबांच्या ट्रायलमध्ये तर अजून एक गोची आहे. तिथे प्लासिबो म्हणून औषध वगळून बाकी तेच द्रावण देतात. पण कोरड्या डोळ्यात कुठलंही द्रावण घातलं की डोळा ओला होतोच! म्हणून काही ट्रायल्समध्ये आधी दोन आठवडे सगळ्यांनाच प्लासिबो देतात, आणि त्यानंतरही ज्यांचा त्रास टिकून आहे त्यांनाच पुढे घेतात.

शिवाय मोजायचं काय? शर्मर टेस्टमध्ये खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते बघतात. रंग टाकून कॉर्नियावरचे ओरखडेही बघतात. पण डोळा तपासणीत ठीक आणि पेशंट हैराण, किंवा बरोबर उलटं, असं सर्रास होतं. लिफिटेग्रास्ट या औषधाच्या पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये कॉर्निया सुधारला, पण ठरवलेल्या लक्षणांत फरक दिसला नाही. दुसरीत लक्षणं सुधारली, कॉर्नियात फरक नाही. तिसरीत पुन्हा लक्षणं सुधारली. २०१६ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. त्यामुळे 'क्लिनिकली प्रूव्हन' असं खोक्यावर दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: नेमकं काय सुधारलं, आणि कशाच्या तुलनेत?

भारतातल्या ट्रायल्स आयसीएमआरच्या सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत सापडतात. ती २००७ मध्ये सुरू झाली, आणि २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे. साइट दिसायला जुनाट आहे, पण इंग्रजीत ड्राय आय टाकून शोधा: कुठल्या शहरात ट्रायल आहे, पेशंट घेणं चालू आहे का, कोणाला घेत नाहीत, सगळं लिहिलेलं असतं. 'प्रायमरी आउटकम' हा रकाना नक्की वाचा. ट्रायल कशावरून यशस्वी ठरवणार, ते तिथे आधीच लिहून ठेवावं लागतं.

भाग घ्यावासा वाटला तर संमतीपत्र घरी नेऊन वाचा, आणि आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि एक प्रश्न न विसरता विचारा: सध्याचे थेंब किती दिवस आधी बंद करायचे? बऱ्याच ट्रायल्समध्ये ते बंद ठेवायला सांगतात, आणि ते दिवस नेमके रिलीजच्या आठवड्यात आले तर अवघड आहे.